इंजिनाच्या पुढं गेलेला धूर

रविवार, २० ऑगस्ट १९७८

प्रिय अक्का,

दाजी माझ्या टेबलावर ठेवून गेलेलं दोसुती कापड आणि दोऱ्याच्या लडी कचरूच्या हाती परत पाठवतो आहे. जशा आल्या तशाच आहेत. कापडाची घडीसुद्धा मी मोडलेली नाही. त्यावर एक टाका घातलेला नाही आणि घालणारही नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना 'बरं अक्का, देतो करून' हे वाक्य कुठं येतंय ते तू शोधत बसणार नाहीस. आजवर ते वाक्य दर वेळी आलं. या खेपेला येणार नाही.

हे पत्र दाजींना वाचायला देऊ नकोस. तू चौथीपर्यंत शिकलेली आहेस, मी अक्षर मोठं काढलेलं आहे, सावकाश वाच. कचरूला थांबवून घे आणि जेवू घाल. ओसरीत नाही, आत बसवून. तो आमच्या स्टेशनवरचा पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा. त्याची बहीण तुमच्याच बाजूला दिलेली आहे, तिला भेटायला निघाला होता, म्हणून पत्र पोस्टात टाकलं नाही. त्याच्या गळ्यात निळा मफलर दिसेल. श्रावणात मफलर कोण घालतं, असं तुझ्या मनात येईल. तो घालतो. तो मी विणलाय, आणि कुणी विचारायच्या आत हा माणूस सांगत सुटतो, "आमच्या सायबानं विणला." तुला ते ऐकून लाज वाटेल. तेव्हा त्याच्या तोंडाकडे एकदा नीट बघ. त्याला वाटत नाही.

दाजी मंगळवारी दुपारच्या पॅसेंजरनं आले. मला वाटलं, सगुणाचं काही बरंवाईट झालं. पंचमीला माहेरी आलेली पोर अजून सासरी परत गेलेली नाही हे मला ठाऊक होतं, का गेली नाही ते ठाऊक नव्हतं. दाजी पाणी प्यायले, फलाटावर कुणी नाही असं त्यांनी बघितलं आणि धोतराच्या पदराखालून पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली. मग तुझं नाव घेऊन म्हणाले, "मालननं सांगितलंय, तश्शीच एक आगगाडी पायजे. पोळ्याच्या आत. रंग बी तेच." तेवढ्यात कचरू आत आला तर दाजींनी पिशवीवर उपरणं टाकलं. दारूची बाटली झाकावी तसं. अक्का, मी स्टेशन मास्तरच्या हाताखालचा सहायक मास्तर आहे, सरकारी टोपी घालतो, येणाजाणाऱ्या गाड्या माझ्या सहीनं पुढं जातात. आणि माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलावर, माझ्या कामाचं कापड झाकून ठेवावं लागतं.

मी विचारलं, कशासाठी? तर हळूहळू बाहेर आलं. सगुणाच्या सासूनं, गोजरबाईनं, तिच्याकडं आणखी एक आगगाडी मागितली आहे. सगुणाला येत नाही. म्हणून तू व्याह्यांकडं निरोप धाडलास की पोरगी माहेरी निवांत बसून भरतेय, झालं की पाठवतो. आणि पोरगी तिकडं चुलीपुढं बसलेली, आणि भरायचं मी. मी गप्प बसलो. मी गप्प बसलो की दाजींना तो होकार वाटतो. उठता उठता म्हणाले, "तुला काय लागतंय मास्तर? गाडी गेली का बसूनच असतो तू."

बसूनच असतो. हे ऐकून माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

हो, बसतो. पॅसेंजर निघून गेली की मालगाडी येईपर्यंत या स्टेशनवर कावळ्याशिवाय कुणी नसतं. माझ्या जागी पूर्वी जे होते ते पत्ते खेळायचे. त्यांच्या आधीचे झोपायचे, आणि झोपले म्हणून बदलीवर गेले. मी दोसुतीचं कापड रिंगीत ताणून बसतो. एक फुली, तिच्याशेजारी दुसरी. कान घंटीकडं, हात कापडावर. फुल्या भरत जातात आणि बघता बघता जिथं नुसतं पांढरं होतं तिथं बैलाचं शिंग उभं राहतं. ते शिंग दिसायला लागतं ना, तेव्हा मला जे वाटतं ते मला दुसऱ्या कशानं वाटत नाही. पगारानंसुद्धा नाही. हिवाळ्यात बोटं आखडतात तेव्हा सुया आणि लोकर घेतो. विणताना बघावंही लागत नाही, हात आपले चालतात आणि मन कुठंही हिंडून येतं. जालन्याला गेलो की दोऱ्याच्या दुकानात तासभर रंग निवडतो. दुकानदार दर वेळी विचारतो, "ताईंसाठी का?" मी सांगतो, माझ्यासाठी. तो हसतो आणि दर वेळी विसरतो. पत्ते खेळणाऱ्याला कुणी विचारत नाही, कुणासाठी खेळतोस? भजनात टाळ वाजवणाऱ्याला विचारत नाही. मला मात्र जो तो विचारतो, हे कुणासाठी, ह्याचं काय करणार, हे तुला कुणी शिकवलं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुला माहीत आहे. त्यावर नंतर येतो.

ती आगगाडी मी कुणासाठीच भरली नव्हती. माझ्यासाठी भरली होती. लांब पट्टी, एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला गार्डाचा डबा, मध्ये मालाचे डबे, आणि एका डब्यासारखा दुसरा नाही. एकात सरकीची पोती, एकात कापसाच्या गाठी, एकात बैल, फटीतून नुसतं तोंड दिसणारा. एक डबा रिकामा, दारं उघडी, आतून पलीकडचं माळरान दिसतंय. तो माझा सगळ्यात आवडता. त्यात काही नाही हे दाखवायलाच मला किती दिवस लागले. शेवटी गार्ड, हातात हिरवी झेंडी, आणि डब्याखाली कोपऱ्यात करड्या दोऱ्यानं एक बारीक 'भु'. इतकं बारीक की शोधल्याशिवाय दिसू नये. ती पट्टी माझ्या क्वार्टरमध्ये पलंगासमोर होती. सकाळी डोळे उघडले की मला ती दिसायची.

लग्नाच्या आधी तू आलीस आणि ती मागितलीस. मी नको म्हणालो होतो हे तुला आठवतंय का? मी म्हणालो, रुखवतात ठेवायला उशांचे अभ्रे ने, तोरण ने, टेबलावरचा रुमाल ने, पण गाडी राहू दे. तू म्हणालीस, "मांडवात चार दिवस लावते, मंग बराबर परत धाडते. मामाची भेट म्हणून सांगते की सगळ्याला." मामाची भेट. त्या दोन शब्दांवर मी खिळ्यावरून पट्टी काढून दिली. तुझी वहिनी तेव्हाच म्हणाली होती की जाणारी वस्तू जाते, येत नसते. गिरिजा हुशार आहे. पाहुणे आले की तू नेहमी सांगायचीस, आमच्या वहिनीचा हात लई नाजूक, हे सगळं तिनंच भरलेलं. ती बिचारी शर्टाचं बटण लावायचं तर मला हाक मारते. एकदा तुझ्याच घरी दाजींच्या चुलतीनं तिच्यापुढं सुई धरली आणि म्हणाली, सूनबाई, हा टाका दाखवा. गिरिजानं सुई घेतली आणि सरळ सांगितलं, "मला न्हाई येत, ह्यांना येतो." तू ते हसण्यावारी नेलंस. ती घरी येईपर्यंत धुमसत होती. तिच्यावर ज्याचा आळ घातलास ते काम वाईट नव्हतं, पण आळच होता तो.

मग लग्नाचा दिवस. मामा म्हणून मी सगुणाच्या मागं उभा राहिलो, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि मग सगळे रुखवत बघायला वळले. माझी आगगाडी मधोमध. तिच्याखाली पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'कु. सगुणा हिने स्वहस्ते केलेले.' मांडवातल्या बायका म्हणत होत्या, काय पोरगी आहे, आख्खी रेल्वे भरली. सगुणा खाली मान घालून उभी. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत मान खाली घातली. मी जवळ गेलो, मला माझा 'भु' बघायचा होता. तो नव्हता. तो उसवून त्या जागी लाल दोऱ्यानं 'सगुणा' भरलेलं होतं.

अक्का, मी ते नाव कुणी भरलं ते तिथंच ओळखलं. सगळ्या गाडीभर माझ्या फुलीची वरची तिरपी रेघ एका बाजूला पडलेली आहे, आणि त्या तीन अक्षरांत ती दुसऱ्या बाजूला. डावखुऱ्या हाताचा टाका. आपल्या घरात डावखुरं एकच माणूस. तू लग्नानंतर सुई हातात धरली नव्हतीस. मी किती वेळा दोरे पाठवले, किती वेळा म्हणालो, अक्का, दुपारी थोडं बसत जा. तू म्हणायचीस, आता बोटं वळत न्हाईत. वळली की. इतक्या वर्षांनी वळली, आणि वळली ती माझं नाव उसवायला.

त्या दिवशी मी जेवलो, आहेर केला, दाजींच्या भावकीशी हसून बोललो आणि शेवटच्या गाडीनं परत आलो. गिरिजानं भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं बघितलं आणि तिथं तिनं कंदील अडकवला. चार दिवसांची गोष्ट चार महिन्यांवर गेली, गाडी मंठ्याला सगुणाच्या सासरी भिंतीवर लागली, आणि मी स्वतःची समजूत घातली की पोरीच्या घरात आहे, दुसरीकडं कुठं नाही. राग आला नव्हता असं नाही. तो मी गिळला होता. गिळलेला राग दाजींच्या पिशवीनं वर आला.

आता 'कुणी शिकवलं' यावर येतो.

तू शिकवलंस. शेजारी शाळेच्या मास्तरांचं बिऱ्हाड होतं, त्यांच्या बायकोनं तुला फुलीचा टाका शिकवला आणि तू मला. कापड नव्हतं तर गोणपाटाचा तुकडा घेतला, त्याची भोकं मोठी, सुई सहज जायची. दोरा नव्हता तर आईच्या फाटक्या लुगड्याच्या काठातून रंगीत धागे ओढून काढले. कणगीच्या मागं आपण दोघं बसायचो, तू डाव्या हातानं, मी उजव्या, गुडघ्याला गुडघा लावून, एकाच पोपटाचे दोन पंख दोन बाजूंनी भरत. तुझा पंख एका अंगाला झुकलेला, माझा दुसऱ्या. मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, हा पोपट आता उडेल. त्याहून मोठी शाबासकी मला पुढं कधी मिळाली नाही.

आणि तो दिवस. बापू शेतातून मधेच आले, पोपट त्यांच्या हाती लागला, सुई माझ्या सदऱ्याला टोचलेली. हातातली काठी तशीच उगारून त्यांनी विचारलं, "ह्ये कुणी केलं?" मी कणगीला चिकटून उभा. तू पुढं झालीस आणि म्हणालीस, "म्या. समदं म्याच केलंय." काठी न मारताच खाली आली. वर बापू खूश झाले. तुला बघायला दाजींकडचे आले तेव्हा तो पोपट भिंतीवर होता, दोन्ही पंख तुझ्या नावावर. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या दिवशी तू खोटं बोललीस ते माझ्या पाठीसाठी. ते खोटं मी जन्मभर डोक्यावर घेईन.

पण मग तेच तुझ्या अंगवळणी पडलं. काठी गेली, बापू गेले, आणि तू मात्र अजून तेच सांगतेस. आधी 'म्या', मग 'वहिनीनं', आता 'पोरीनं'. मला आता कोण मारणार आहे? दाजी? भावकी? दिवाळीला सगळ्यांची पोरं मामाकडं जातात. तुझी एकही पोर माझ्या स्टेशनवर आली नाही, कारण मामा बायकी कामं करतो ते पोरांनी बघायला नको. सगुणानं आजवर आगगाडी जवळून पाहिलेली नाही. तिचा मामा रेल्वेत, आणि पोरीनं आगगाडी पाहिलेली नाही. आणि तिनं ती भरली, असं तू मांडवभर सांगितलंस. तिथंच तू चुकलीस, अक्का. मोर भरला असता तर खपलं असतं.

कसं चुकलीस ते ऐक. आता सांगणार आहे ते दाजींना माहीत नाही. परवा गोजरबाई इथं आली होती.

एकटी आली. मंठ्याहून एसटीनं परतूर आणि तिथून पॅसेंजरनं. मी झेंडी गुंडाळून आत येतो तर बाकावर एक बाई, हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर बोचकं. लग्नात बघितलेली, तरी मला क्षणभर ओळख पटली नाही. मी चहा मागवला. ती माझ्या टेबलाकडं बघत होती. टेबलावर दाजींची पिशवी होतीच, पण शेजारी माझं चालू काम रिंगीत ताणलेलं होतं, सुई तशीच अडकलेली. मी ते झाकलं नाही. आता म्हणतो, बरं केलं.

तिनं बोचकं सोडून आधी एक वाकळ काढली. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची, आणि वर बारीक धावदोरा घातलेला, शेतातल्या तासांसारखा सरळ. तिनं स्वतः शिवलेली. मी ती उलटी करून बघितली. मागची बाजूही पुढच्यासारखीच. मी न राहवून बोललो, आणि ती लाजली, या वयाची बाई. मग म्हणाली की तिच्या घरात तीन जावा, सगळ्या चांगल्या, पण दुपारी सुई घेऊन शेजारी बसणारं कुणी नाही. तिच्या मुलाला, रामकिसनला, मुली सांगून येत होत्या तेव्हा तिनं सगुणालाच हो म्हटलं, कारण लोकांनी सांगितलं की पोरीच्या हातात कला आहे. तिला हुंडा नको होता, काम करणारं माणूस नको होतं, शेजारी बसणारी हवी होती. आणि सून आल्यापासून रोज नवं कारण. आधी बोटाला सुई लागली. मग रंग मिळत नाहीत. मग डोळे दुखतात. तर ही बाई सुनेला घेऊन जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेली. डॉक्टरनं सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. तेव्हापासून तिनं मनात धरलं की सुनेला आपल्याशेजारी बसायचंच नाही. मोठ्या घरची पोर, आपण तिला अडाणी वाटतो. दोन महिने ही बाई मनात कुढली, अक्का, आणि तुझी पोर तिच्यासमोर दोन महिने चोरासारखी वावरली. कुणासाठी? मांडवातल्या बायकांनी चार घटका तोंडात बोट घालावं म्हणून.

मग तिनं बोचक्यातून आगगाडी काढली. माझी. टेबलावर पसरली, इंजिनावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मामा, एक सांगा. ह्या इंजिनाचा धूर पुढं का चालून राह्यला?"

मला हसू आलं. किती दिवसांनी कुणी ते बघितलं होतं. मी सांगितलं, विहीणबाई, मी धूर आधी भरायला घेतला आणि कापड उलटं धरलं होतं. इंजिन भरताना लक्षात आलं. उसवायला जीव झाला नाही, म्हणून राहू दिला. धूर गाडीच्या पुढं गेला.

तिनं पट्टी स्वतःकडं ओढून घेतली. मग म्हणाली, "हेच मी सुनेला इचारलं. ती म्हणाली, आत्याबाई, धूर पुढंच असतो की." पंचमीच्या आधी विचारलं होतं तिनं. त्या दिवशीच तिला कळलं की ज्या पोरीनं ही भरली तिनं आगगाडी पाहिलेलीच नाही. मग तिला लग्नातला रेल्वेवाला मामा आठवला. मग तिनं कोपरा निरखला, नावाचा टाका उलटा पडलाय हे तिच्याही नजरेतून सुटलं नाही. तू धाडलेला माणूस 'पोरगी भरतेय' असा निरोप घेऊन आला तेव्हा ती तोंडानं बरं म्हणाली आणि मनात म्हणाली, बघू किती पुढं नेतात.

मी तिला म्हणालो, पोरीला बोल लावू नका. ती म्हणाली, पोरीवर तिचा राग नाही. पोरीला येत नसेल तर ती शिकवेल, तिला कुणीतरी शेजारी बसलेलं हवं होतं, येणारंच हवं होतं असं नाही. राग खोट्याचा आहे. दुपारची गाडी येईपर्यंत ती माझ्यासमोर बसली. मी माझं काम काढलं, तिनं तिची वाकळ. कचरू दोनदा येऊन बघून गेला. एकदा गाडीची घंटी झाली तेव्हा तिनंच मला सांगितलं, मास्तर, घंटी. त्या तासाभरात मला पहिल्यांदा वाटलं की कणगीच्या मागं बसलोय, आणि शेजारी तू नाहीस याचा मला इतका राग आला, इतका राग आला, की सुई बोटात गेली.

आता हे पत्र का लिहिलं ते. गोजरबाई येत्या बाजारच्या दिवशी तुमच्याकडं येणार आहे, सुनेला न्यायला. आगगाडी घेऊन येईल. लाल दोऱ्यातलं 'सगुणा' तिनं उसवून टाकलेलं आहे, जागा मोकळी आहे. ती दाजींच्या आणि भावकीच्या बायकांच्या देखत पट्टी पसरेल, सुईत करडा दोरा ओवेल आणि तुला विचारेल, "मालनबाई, इथं कुणाचं नाव घालू?" तू परत 'पोरीचं' म्हणालीस, तर ती गाडी गुंडाळून ठेवेल आणि एकटीच परत जाईल, सून माहेरीच राहील. हे तिनं मला जाताना शांतपणे सांगितलं, आणि बजावलं की बहिणीला आधी कळवू नका, तिच्या तोंडून आपसूक आलं पाहिजे. मी हो म्हणालो नाही. मला कळवायचं होतं. सगुणासाठी, आणि तू एकदा माझ्यासाठी काठीपुढं उभी राहिली होतीस म्हणून. एवढंच, त्यापुढं माझ्याकडून माफी नाही. दाजी खाली बघतील, बायका तोंडाला पदर लावून हसतील, हसू दे. तू माझं नाव सांग. मोठ्यानं सांग, 'माझ्या भावानं' एवढंही पुरे. आणि बोटं वळली तर गोजरबाईच्या हातातून सुई घे आणि ते नाव तूच घाल, जिथून काढलंस तिथंच. टाका उलटा पडेल. पडू दे.

तुझाच, आणि कुणी विचारलं तर तुझाच म्हणून सांगावा असा,
भुजंग